पडद्यावरचे मूल आणि पडद्यामागचे

चित्रपटातल्या मुलांवरून वाद उठला की आपल्याकडे दोन पक्ष ताबडतोब उभे राहतात. एक म्हणतो, मुलांच्या दृष्टीस असले काही पडू देऊ नका. दुसरा म्हणतो, समाजात जे घडते तेच आम्ही दाखवले, आरशावर कसले रागावता? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु पहिला बोलतो प्रेक्षागृहात बसलेल्या मुलाविषयी आणि दुसरा बोलतो गोष्टीतल्या मुलाविषयी. या दोघांखेरीज तिसरे एक मूल असते. ते कॅमेऱ्यापुढे उभे राहते, सांगितलेले करते आणि संध्याकाळी आईचे बोट धरून घरी जाते. वादाच्या गदारोळात त्याचे नाव क्वचितच निघते. मला लिहायचे आहे ते या तिसऱ्या मुलाविषयी.

निमित्त तसे जुने झाले. २०२२ च्या संक्रांतीला, १४ जानेवारीला, महेश मांजरेकर यांचा ‘नाय वरणभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट लागला. मूळ कथा जयंत पवारांची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे आयुष्य उलटेपालटे झाले. त्या उलथापालथीचा पवारांइतका सच्चा लेखक मराठीत विरळा. त्यांच्या ‘अधांतर’ नाटकाने गिरणगावाचे घर आतून दाखवले. या कथेत त्याच गिरणगावातली पुढची पिढी आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले तेव्हा चाळींच्या बोळांत वाढणारी, वयाच्या आधीच हिंसेला सरावलेली ही मुले. पवार ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. चित्रपटावरचा गहजब पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

गहजब झाला तो मुख्यतः जाहिरातीच्या झलकेवरून, म्हणजे ट्रेलरवरून. अल्पवयीन मुलगे आणि मोठ्या वयाची स्त्री यांची दृश्ये त्यात होती. तक्रारी झाल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिले, ती झलक महाजालावरून उतरवण्यात आली. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होते आणि तो प्रौढांसाठीच आहे, ही निर्मात्यांची बाजू. पुढे फेब्रुवारीत मुंबईच्या विशेष न्यायालयाच्या आदेशावरून माहीम पोलिसांनी मांजरेकरांवर गुन्हा नोंदवला. त्यात बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणतात, तोही लावला होता.

आम्हां भोपाळकरांपर्यंत चित्रपट नव्हे, झलक पोचली. मराठी चित्रपट आमच्याकडे अपवादानेच लागतो. झलकेला मात्र ना प्रमाणपत्र ना दारवान. ती भ्रमणध्वनीवरून सातवीतल्या नातवाकडे आधी आली आणि मग आजोबांकडे. टी.टी. नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी, सज्जन हिंदीभाषक गृहस्थांनी, मला जिन्यात गाठून विचारले, “भाईसाहब, आपके यहाँ तो ‘श्यामची आई’ बनती थी न?” त्यांना १९५४ चे पहिले सुवर्णपदक कोणाला मिळाले हे ठाऊक होते याचाच मला आधी आनंद झाला. प्रश्नाचे उत्तर मात्र सुचेना.

येथे आपल्या, म्हणजे दोन भाषांत राहणाऱ्या घरांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सचिवालयाच्या कागदपत्रांबरोबर शेकडो मराठी कुटुंबेही आली. आमचे वडील त्यांतलेच एक. आमच्या घरांत तेव्हापासून मराठी उरली ती आरतीची, हळदीकुंकवाची, आजीच्या गोष्टीची. बाजार हिंदीत, शाळा हिंदीत, भांडण हिंदीत आणि शिवीसुद्धा हिंदीत. आमची मराठी अशी सोवळ्यात राहिली. बैतूल, छिंदवाडा, बुऱ्हाणपूरच्या वाचकांना वेगळा अनुभव असेल असे मला वाटत नाही. म्हणून त्या झलकेतल्या पोरांच्या तोंडची लालबाग-परळची भाषा कानांवर पडली तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांना धक्का बसला तो मुलांपायी नव्हे, मराठीपायी. आमच्या मंडळाच्या बैठकीत अर्धा तास या विषयावर संताप व्यक्त झाला आणि त्या अर्ध्या तासात सगळे वाक्य ‘आपली भाषा’ याच शब्दांनी सुरू होत होते. काम करणारी मुले कोण, कुठली, त्यांना कोणी काय समजावून सांगितले असेल, हा प्रश्न एकानेही काढला नाही. आपली अब्रू गेली याचे दुःख मोठे होते.

अब्रूचे दुःख मुलाच्या दुःखाच्या पुढे धावते, हे काही आमच्याच बैठकीत घडले असे नाही. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’चे प्रकरण आठवा. चंबळ आमच्याच राज्यातली. फूलनदेवीने शस्त्रे खाली ठेवली ती १९८३ च्या फेब्रुवारीत भिंडला, मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर. तिचे लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि त्या लग्नात तिच्या वाट्याला जे आले ते चित्रपटात आहे. त्यावर पहिला आक्षेप खुद्द फूलनने घेतला. १९९४ मध्ये ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. माझ्यावर जे झाले ते मला न विचारता पुन्हा लोकांसमोर मांडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हा तिच्या म्हणण्याचा आशय. तो वाद पुढे तडजोडीने मिटला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो खटला गेला तो मात्र वेगळाच. आपल्या समाजाची बदनामी झाली अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ उभे राहिले होते. १ मे १९९६ ला न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला. क्रौर्य दाखवले आहे ते किळस यावी म्हणून, चाळवण्यासाठी नव्हे, हे त्याचे सूत्र. निकाल मला तेव्हाही पटला, आजही पटतो. पण ज्या मुलीची ती कथा होती तिचा प्रश्न खटल्याबाहेरच राहिला आणि जिने पडद्यावर ती अकरा वर्षांची मुलगी साकारली तिचा तर कुठेच नाही.

आता सेन्सॉरचे बघू. सेन्सॉरच्या बाजूने आपल्या देशात जो सर्वांत भक्कम निकाल आहे तो लिहिणारा माणूस नागपूरचा, आपल्या माहितीचा. न्यायमूर्ती हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर आणि मग मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. ते देशाचे सरन्यायाधीश असताना ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या सोळा मिनिटांच्या अनुबोधपटाचा खटला त्यांच्यापुढे आला. वेश्यावस्तीच्या काही क्षणांवर मंडळाचा आक्षेप होता. सुनावणी चालू असतानाच सरकारने माघार घेऊन सर्वांसाठी खुले असे प्रमाणपत्र देऊ केले, तरी अब्बास तत्त्वासाठी लढत राहिले. २४ सप्टेंबर १९७० च्या निकालात हिदायतुल्लांनी चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरूनच आहे असे सांगितले, कारण चित्र हलते, बोलते आणि माणसाला पुस्तकापेक्षा लवकर हलवते. मात्र त्याच निकालात त्यांनी मंडळाचे कानही उपटले. विषय कोणता आहे यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहा, असे त्यांनी बजावले. अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे हा मुद्दाही त्या खटल्यात होता. ते १९८३ मध्ये आले आणि एप्रिल २०२१ मध्ये एका वटहुकमाने गेले. हा सगळा विचार मोलाचा आहे, पण तो फिरतो कोणाभोवती? पाहणाऱ्याभोवती.

तसेच साहित्याचे. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे आवर्जून सांगतो, कारण प्रकरण दिवाळी अंकाचेच आहे. १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६९ मध्ये काकोडकर सुटले. न्यायालयाचे म्हणणे असे की, कोवळ्या वयाचा वाचक हीच मोजपट्टी धरली तर धर्मग्रंथांखेरीज काही लिहिताच यायचे नाही. यापेक्षा शहाणपणाचे वाक्य या विषयावर क्वचित लिहिले गेले असेल. पण बघा, ‘श्यामा’ कागदावर होती. काकोडकरांनी तिला घडवताना कुठल्या जिवंत मुलीला टेबलासमोर उभे केले नव्हते. पवारांच्या कथेतला मुलगाही कागदावरच राहतो तोवर त्याच्या वाट्याला लेखक काहीही देऊ शकतो. तेथे माझी कात्रीला पूर्ण मनाई आहे. कथेचा चित्रपट झाला की त्या मुलाला एक शरीर लागते आणि ते शरीर दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आणावे लागते. वाङ्मयाचा न्याय चित्रपटाला जसाच्या तसा लावता येत नाही, तो या एका कारणासाठी.

हे मला कोणा तत्त्वज्ञाने शिकवले नाही. १९९० च्या सुमारास आमच्या एका गणेशोत्सवात एकांकिका बसली होती. चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याची गोष्ट, बालमजुरीच्या विरोधातली, उद्देश अगदी निर्मळ. माझ्याकडे काम होते पडद्याआडून वाक्ये सांगण्याचे. पोऱ्याचे काम नऊ-दहा वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाला दिले होते. मालक त्याला शिव्या देतो, कानाखाली मारतो, पोऱ्या फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत राहतो. तालमीत चापट हवेत मारायची ठरली होती. प्रयोगाच्या दिवशी मालकाचे काम करणारे गृहस्थ रंगात आले आणि त्यांनी खरीच मारली. मुलगा क्षणभर थांबला, डोळे भरले आणि तुकडे गोळा करू लागला. असा अभिनय आमच्या मंडळाने कधी पाहिला नव्हता. टाळ्या थांबेनात. बक्षीस मिळाले. पुढे वर्षभर कॉलनीतली पोरे त्याला ‘ए पोऱ्या, कटिंग आण’ म्हणत राहिली. पुढच्या गणपतीत तो आरतीलाही आला नाही. त्याची आई मला म्हणाली, “भाऊजी, नाटक तुमचं संपलं. त्याचं अजून चालूच आहे.”

बालमजुरीच्या निषेधासाठी एका बालकाला राबवले, एवढेच त्यावर म्हणता येईल, आणि ते पुरेसे तिखट आहे. २०२० मध्ये फ्रान्सच्या मैमूना दुकुरे या दिग्दर्शिकेच्या ‘मिन्योन’वरून, ज्याचे इंग्रजी नाव ‘क्यूटीज’, जगभर वादळ उठले तेव्हा मला आमची एकांकिकाच आठवली. अकरा वर्षांच्या मुलींना बाजार कसा मोठ्या बायकांसारखे नाचायला शिकवतो, याविरुद्ध तिचा चित्रपट. त्यासाठी अकरा-बारा वर्षांच्या मुलींना तसे नाचायला लावावे लागले. चित्रणाच्या वेळी बालमानसतज्ज्ञ बरोबर होते असे तिने सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. प्रश्न तिच्या हेतूचा नाहीच. हेतू चांगला असला म्हणजे चापट हवेतच राहते असे नाही.

कोणी विचारील, मुलाने आनंदाने काम केले, आईबापांनी सही दिली, मग तुमचे दुखते कुठे? दुखते ते संमतीपाशी. मोठ्या माणसाची संमती त्याची स्वतःची असते. मुलाची संमती आपण उसनी घेतो, त्याच्याच पुढच्या आयुष्याकडून, आणि ज्याच्याकडून घेतो तो तेव्हा तेथे हजर नसतो. १९६८ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये काम केलेल्या ऑलिव्हिया हसी आणि लेनर्ड व्हायटिंग यांनी किशोरवयात चित्रित झालेल्या एका दृश्यावरून डिसेंबर २०२२ मध्ये दावा लावला. चौपन्न वर्षांनी! कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि कायद्याने ते ठीकच असेल. पण माणूस चौपन्न वर्षे काहीतरी मनात धरून बसतो, याची दखल कायद्याने नाही तरी आपण घ्यायला काय हरकत आहे? मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’त रस्त्यावरची खरी मुले होती. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये ‘सलाम बालक’ न्यास निघाला, तो अनेक मुलांचे घर झाला. त्याच चित्रपटातला मुख्य मुलगा, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला शफीक सय्यद, पुढे बंगळूरला रिक्षा चालवू लागला. यात दोष कोणाचा, हे मला ठरवायचे नाही. पुरस्काराच्या रात्रीनंतरही मूल वाढतच राहते, एवढेच दिसते.

भोपाळमध्ये बसून हे लिहिताना एक छायाचित्र टाळता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका लहानग्याचा चेहरा. डोळे उघडे, सभोवती माती, एक हात ती सारखी करतो आहे. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही ते टिपले. पाब्लोच्या रंगीत चित्राला त्या वर्षीचे जागतिक वृत्तछायाचित्राचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्राचे नावच ‘अनोळखी बालक’. ते मूल कोणाचे, हे कोणाला सांगता आले नाही. दर डिसेंबरला ते फलकांवर येते, वर्तमानपत्रांत येते, आणि चाळीस वर्षे भोपाळ म्हटले की जगाला तोच चेहरा आठवतो.

त्या मुलाला कोणी विचारले? विचारायला कोणी उरलेच नव्हते. मग माझ्याच तर्काने ते चित्र निषिद्ध ठरायला हवे. ते ठरत नाही असे मला वाटते. त्या बालकाला काही करायला लावले गेले नाही. जे झाले ते कारखान्याने केले आणि छायाचित्रकार नंतर आले. मुलाला ज्याने इजा केली त्याच्याकडे ते चित्र बोट दाखवते. मुलाची इजा कॅमेऱ्यासाठी घडवणे आणि घडलेली इजा कॅमेऱ्याने सांगणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. असे असूनही ते चित्र मी घरात लावणार नाही. जयप्रकाश नगरातल्या ज्या घराने त्या रात्री मूल गमावले, त्याच्या दारासमोरच्या भिंतीवर कोणी ते चिकटवले, तर चिकटवणाऱ्याचा हात धरावासा वाटेल. बंदी घालणे वेगळे आणि संकोच बाळगणे वेगळे. संकोचाचा कायदा करता येत नाही म्हणून तो टाकून द्यावा, असे मुळीच नाही. कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या डच शिल्पकार बाईंनी १९८५ मध्ये केलेला पुतळा आहे. एका हाताने तोंड झाकलेली आई आणि कडेवरचे मूल. त्याच्यापुढेही माणूस गप्प होतो, आणि तो घडवताना कोणाच्या मुलाला त्या रात्रीत पुन्हा उभे राहावे लागले नाही. चित्रपटवाल्यांना ही वाट बंद आहे असे कोणी म्हणू नये. बंद दार, एखादा आवाज, मोठ्या माणसाचा उतरलेला चेहरा, यांनी जे साधते ते आपण सर्वांनीच पाहिले आहे.

मग कात्री कोणाच्या हाती द्यायची? जमावाच्या हाती तर नाहीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्याच शहरात प्रकाश झा यांच्या ‘आश्रम’ मालिकेच्या चित्रणस्थळी घुसून मोडतोड झाली, त्यांच्यावर शाई फेकली गेली आणि लगोलग राज्याच्या गृहमंत्र्यांनी आक्षेपार्ह दृश्ये असतील तर संहिता आधी प्रशासनाला दाखवा असे सांगितले. दगड मारला एकाने आणि हिशेब मागितला दुसऱ्याला! प्रमाणन मंडळाकडेही मी या कामासाठी पाहत नाही. त्याच्यापुढे चित्रपट पुरा होऊन येतो. तोवर तिसऱ्या मुलाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. दृश्य कापले तरी चित्रणाचा दिवस कापता येत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राची तर गंमतच आहे. ज्या मुलाने त्यात काम केले त्यालाच दारवान आत सोडणार नाही. जे पाहण्याइतका तू मोठा नाहीस, ते करण्याइतका होतास!

माझ्या मते उत्तर सेन्सॉरच्या कायद्यात नाही, मजुरीच्या कायद्यात आहे, आणि त्याच्याकडे वाद घालणाऱ्यांपैकी कोणीही वळत नाही. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला, २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रणात घ्यायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध व संमतीवाचून त्याला सहभागी करून घेता येणार नाही. मुलाच्या संमतीवाचून, आईबापांच्या नव्हे; हा शब्द कोणीतरी विचारपूर्वक घातला असावा. चौदा ते अठराच्या मुलांना ही सावली पुरत नाही, हा त्यातला मोठा खड्डा. संहितेत मुलाला नेमके काय करायचे आहे हे बालमनाची जाण असलेल्या कोणी आधीच वाचून पाहावे, असेही मला वाटते. त्यात लेखकाचे एक अक्षर खोडले जात नाही.

भोपाळात आता वर्षभर चित्रणे चालतात. तलावाच्या काठी, जुन्या शहरात, कुठेही दिवे आणि छत्र्या दिसतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीला एका मालिकेसाठी विचारायला दोन तरुण आले. वडील हरखले होते. मला कागद वाचायला बोलावले. मी त्यांना नियमातला तो भाग हिंदीत वाचून दाखवला तेव्हा तरुणांपैकी एक हसून म्हणाला, “अंकल, छोटा-सा रोल है, सिर्फ़ रोना है।” वडिलांनी मुलीकडे पाहिले. तिने विचारले, “किस बात पे रोना है?” त्यांच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हते. दिग्दर्शकाला विचारून सांगतो, असे म्हणून ते गेले. मुलगी दाराशी उभी राहून ते जिना उतरेपर्यंत पाहत होती.